गार शॉकप

१

जीप ओढ्यात उताणी पडली होती. चारी चाकं आभाळाकडं, पोटातलं सगळं यंत्र उघडं. मौला मिस्त्रीला बघवेना. चाळीस वर्षं त्यानं गाड्यांच्या पोटाखाली काढली, आधी खडकीच्या लष्करी वर्कशॉपात आन् मग पौडला स्वतःच्या गॅरेजात. तरी गाडी अशी पडलेली दिसली की त्याला माणसाचीच अब्रू गेल्यागत वाटायचं.

गाडी कोळवणच्या धर्मादाय दवाखान्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं लिलावात काढलेली जुनी जीप. सोमवारी सकाळी ती वरच्या वाडीतनं जया नावाच्या पहिलटकरणीला घेऊन निघाली, आणि म्हसोबाच्या खिंडीखालच्या उतारावर चाकोरीतनं उडून थेट ओढ्यात गेली. ड्रायव्हर भिवाजीचा पाय मोडला. जया वाचली. तिचं लेकरू वाचलं नाही.

आज मंगळवार. मौलाचं पोट जड होतं. रविवारी हैबतरावांच्या शिकारीतलं सांबराचं मटण घरी आलं होतं आणि त्यानं दोन दिवस ते हादडलं होतं. ओढ्यात उतरताना त्याला ढेकर आला. पुढ्यात हे असलं, आन् आपल्याला ढेकर येतोय, म्हणून त्याची त्यालाच शरम वाटली.

काठावरनं नथू हवालदार ओरडला, "मिस्त्री, आटपा लवकर. ते शॉकप जुने हायेत एवढंच सांगायचं. मी लिहून घेतो, तुमी अंगठा द्या, मोकळे."

शॉकप म्हणजे शॉक अ‍ॅबसॉर्बर. प्रत्येक चाकापाशी एक, तेलानं भरलेलं नळकांडं. दिवाळीच्या सुमाराला मुंबईच्या एका दानशूर शेटनं दवाखान्याला चार नवे विलायती शॉकप पाठवले होते. असा माल त्या वेळी परवान्याशिवाय मिळायचा नाही. मौलाच्या पोरानं, रफीकनं, ते बसवले होते.

"जुने हायेत म्हून कुणी सांगितलं?" मौलानं विचारलं.

"हैबतरावांनी. काल पयले तेच आले. हितं, रस्त्यावर हुबं राहूनच म्हनले, भिवाजीनं मुंबईचा माल इकला आन् दारू पिऊन गाडी घातली. दवाखान्याचे चेअरमन ते. त्यांच्यापुढं मी काय तोंड उघडनार?"

डावीकडचा मागचा शॉकप ओढ्याच्या चिखलानं पुरता लिंपला होता. त्यानं पाना लावला. बोल्टातल्या छोट्या तारेच्या पिना काढून सवयीनं खिशात टाकल्या. शॉकप हातात घेऊन दाबला, ओढला. चांगला शॉकप दाबायला गड्याला छाती लावावी लागते. हा पोराच्या पिचकारीसारखा आत-बाहेर झाला. आत तेलाचा थेंब नाही. नुसतं नळकांडं.

"जुना हाय. मेल्याला वर्ष झालं आसंल," मौला म्हणाला.

"झालं तर मग! द्या अंगठा."

पण मौलानं अंगठ्यानं चिखल पुसला होता. खाली चकचकीत काळा रंग. आणि त्या रंगात, लिंपलेल्या भिंतीवर हळदीचा हात उठावा तसा, माणसाचा पंजा उठला होता. तळवा आन् चार बोटं.

"नथू," तो म्हणाला, "अंगठा ऱ्हाऊ दे. हितं आख्खा पंजा हाय. आधी त्याचा धनी बघू."

२

दवाखान्याच्या ओसरीत भिवाजी खाटेवर पडला होता. पायाला फळ्या बांधलेल्या, दाराशी शिपाई बसवलेला. उशाशी सगुणाबाई सुईण. वीस वर्षांत या खोऱ्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर आली होती.

"चाचा, आईच्यान सांगतो..." भिवाजीला रडू फुटलं.

"आईला कशाला मधी आनतो? हात दाखव. उजवा."

तळवा काळा होता. "ग्रीस हाय. राकेलनं बी निघंना."

मौलानं तो हात नाकाशी धरला. "ग्रीसला टर्पेंटाइनचा वास कुटला? रंग हाय हा. म्हसोबाच्या खिंडीत थांबला व्हतास न्हवं?"

"व्हय. रोजच थांबतो. इंजनाचं पानी निवतं, आन् तुमीच शिकिवलंय, शॉकपला हात लावून बघतो."

हे मौलाचं जुनं शिकवणं. खाचखळग्याच्या वाटेवर शॉकप काम करत असला की तापतो. हात लावला की चटका बसला पाहिजे. जो गार, तो मेला.

"मग?"

"चारी गार. वढ्यातल्या दगडावानी. आन् हाताला चिकाट लागलं. मी सगुणामावशीला म्हनलं, मावशी, ह्या गाडीत जीव न्हाई. पर जया वरडत व्हती. मागं फिरून काय करनार? म्हनलं, पयल्या गिअरात उतरू, देव बघंल." तो भिंतीकडं वळला. "देवानं बी न्हाई बघितलं."

सगुणाबाईनं पदर खोचला. "मिस्त्री, मला तुमचं यंत्र कळत न्हाई. पर ह्या गाडीच्या मागल्या बाजूला मी बसते, तवा मला माजं कळतं. शुक्रवारी ह्याच वाटंनं एक म्हातारी आनली. तिच्या मांडीवर पान्याचा तांब्या व्हता, सांडला न्हाई. आन् सोमवारी? मी दोन्ही हातांनी पोरीचं पोट दाबून धरलं व्हतं, तरी गाडी आमाला सुपातल्या दान्यावानी पाखडत व्हती. ह्यो बिचारा गोगलगाईच्या चालीनं चालला व्हता. तरी चाक उडालं."

"आणि दारू?" मौलानं कंपाउंडर वाल्मीककडं पाहिलं. तो औषधाच्या कपाटाला पाठ लावून उभा होता.

"वास येत होता," वाल्मीक पुटपुटला.

"वास!" सगुणाबाई उसळली. "माझ्या पेटीतली स्पिरिटची बाटली फुटली त्याच्या अंगावर! तुजं समदं आयुक्ष स्पिरिटात गेलं, आन् तुला दारू कंची आन् स्पिरिट कंचं कळंना?"

वाल्मीकनं मान खाली घातली. "चेअरमनसाहेब म्हणाले, दारू लिही. मी लिहिलं."

मौलाला त्याची किळस आली. सदऱ्याला इस्त्री, केसाला तेल, आणि पाठीला कणा नाही.

तो नथूकडं वळला. "ऐक. ज्यानं चांगला माल इकून मेलेला बसवला, त्यो खिंडीत वाकून हात लावून बघंल का, का तापलाय का न्हाई? त्याला तर ठावंच असणार गार हाय म्हून. भिवाजीला ठाऊक न्हवतं. म्हून त्याचा पंजा उठला."

नथूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "ह्ये बरुबर वाटतंय."

"आन् मार्गशीर्षातल्या दवात असला रंग वाळायला दोन-तीन दिस लागत्यात. सोमवारी वला व्हता म्हंजे शनवार-आयतवारी मारलाय. भिवाजी, शनवारी गाडी कुटं हुती?"

भिवाजी हळूच म्हणाला, "दर शनवारी औषधं न्यायला पौडला येतो. गाडी सावलीला लावून मी बाजार करतो. दुपारभर हुबी व्हती."

"कुटं हुबी?"

"तुमच्याच गॅरेजम्होरं, चाचा."

३

शनिवारी मौला पौडात नव्हता. सूसला मेव्हण्याकडं लग्न होतं, तो रविवारी दुपारी परतला.

रफीक गॅरेजात इंजिनात डोकं घालून उभा होता. तिशीचा, उंचापुरा, हाताचा बापाइतकाच साफ. "अब्बा, शनिवारी मी पुण्याला गेलतो की. पिस्टनच्या रिंगा आणायला. आयतवारी संध्याकाळी आलो. गॅरेज बंदच होतं. बाजारच्या दिवशी हजार माणूस येतं-जातं, कुणीबी बदलले असतील."

मौलानं मान हलवली आणि ओढ्यातनं आणलेला शॉकप चिमट्यात धरून कानशीनं खरवडायला घेतला. काळा रंग निघाला, त्याखाली गंज निघाला. वरच्या कडीपाशी आला तसा कानशीखाली पिवळा धागा चमकला. पितळ. कडी तुटलेली होती आणि कुणीतरी पितळ वितळवून ती जोडली होती. कुणीतरी कशाला? मौलानंच. गेल्या उन्हाळ्यात. आणि ही कडी होती हैबतरावांच्या शिकारी जीपची.

तो तसाच हैबतरावांच्या मळ्यावर गेला.

हैबतराव त्याच वेळी डोंगराच्या खडकाळ वाटेनं जीप घेऊन खाली आले. डोईला फेल्ट टोपी, मागं दोन कुत्री. "या मिस्त्री! बघितली का चाल? मुंबईचे पाहुणे शनिवारी वरच्या सड्यावर, पार डोंगरमाथ्याला नेले. म्हणाले, हैबतराव, जीप हाय का पालखी!"

मौला चाकापाशी उकिडवा बसला. शॉकपवर हात ठेवला. चटका बसला, तरी त्यानं हात काढला नाही. जाड दांडा, तेलाचा टिपूस बाहेर नाही, कडीतलं रबर कोरं. तापूनही दम न सोडणारा माल. त्याला गाणं ऐकल्यासारखं बरं वाटलं, आणि लगोलग बरं वाटल्याचा राग आला.

"नवे हायेत," तो म्हणाला.

"मागवले मुंबईहून. दवाखान्याला आले तसेच. पैसा टाकला की येतंय."

"आन् जुने? माजं पितळ हाय त्याला."

हैबतरावांच्या पापणीनं एकदा फडफड केली. मग ते मोठ्यानं हसले. "दिले भंगारात फेकून. भिवाजीनं उचलले असतील तिथनं. म्हंजे चोरीवर आणिक चोरी! बघा, तुमच्याच तोंडनं सापडला की नाही?"

पितळाचा पुरावा उलट भिवाजीवरच फिरला. मौला उठला.

"आणि खरं सांगू का मिस्त्री," हैबतराव खाली उतरून चाकाला बुटानं ठोकत म्हणाले, "त्या शेटला अक्कल नव्हती. बायाबापड्या न्यायच्या गाडीला कशाला हवा विलायती माल? त्यांना बैलगाडी चालती. हा माल खरा शिकारीच्या गाडीचा. जिथं वाट नसती तिथं जाणाऱ्याचा."

मौलानं राम राम केला नाही. मळ्याच्या बांधावरनं चालता चालता विडीसाठी खिशात हात घातला, तर बोटाला तारेच्या पिना टोचल्या. ओढ्यात काढलेल्या.

तळहातावर घेऊन बघितल्या आणि तो बांधावरच बसला.

पिना कोऱ्या होत्या. दिवाळीत बसवलेल्या असत्या तर महिनाभर ओढ्यातनं जाऊन गंजल्या असत्या. आणि त्यांचं वळण. सगळे मिस्त्री पिनेचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकवून सोडतात. या पिनेचा एक पाय बोल्टाच्या डोक्यावरनं घेतलेला, दुसरा बारीक कापून आत दुमडलेला, म्हणजे गाडीखाली शिरणाऱ्याची बोटं फाटू नयेत. खडकीला एका म्हाताऱ्या फिटरनं मौलाला ही रीत शिकवली होती. मुळशी तालुक्यात अशी पिन दोनच माणसं वळवायची.

एक तो स्वतः. आणि शनिवारी तो सूसला होता.

४

मैमुनानं ताट वाढलं. भाकरी, कांदा आणि सांबराचा उरलेला रस्सा.

"एवढंच राहिलंय. खाऊन घ्या, उद्या टिकायचं नाही."

मौलानं तुकडा मोडला. पिन रफीकच्या हातची, हे त्याला कळलं होतं. पण मनात अजून एक फट होती. पोरगं पुण्याला होतं म्हणतंय. कुणी त्याच्याकडनं शिकलं असंल. कुणी जुन्या पिना साफ करून घातल्या असतील. बापाचं मन काय, गाळात रुतलेलं चाक, जागच्या जागी फिरतं.

"हे मटण हैबतरावाकडनं आलं न्हवं?" त्यानं उगीच विचारलं.

"व्हय. रफीकनंच आणलं."

"शिकारीचं. गोळीनं मेलेलं. हलाल हाय का बघितलंस?"

मैमुनाला राग आला. "चाळीस वर्षं झाली माझ्या हातचं खाताय. बघितल्याबिगर मी चुलीवर चढवीन व्हय? रफीकला तीनदा इचारलं. म्हनला, अम्मा, जनावर पडलं तवा जीव होता त्यात. मीच पळत जाऊन बिस्मिल्ला म्हनून सुरी फिरवली."

मौलाचा घास ओठापाशी थांबला.

"कवा फिरवली?"

"शनवारी दिवस मावळता. वरच्या सड्यावर. का वो?"

मौलानं ताट सरकवलं. तो परसात गेला, भिंतीला हात टेकून वाकला, आणि दोन दिवसांचं सगळं बाहेर आलं. आतड्याला पीळ पडेस्तोवर तो ओकत राहिला. मैमुना तांब्या घेऊन धावली.

"अवो, खराब झालं होतं काय?"

"व्हय," मौला तोंड पुसत म्हणाला. "पयल्यापासनंच खराब होतं."

५

बुधवारी सकाळी दवाखान्याच्या ओसरीत नथू हवालदार वही घेऊन बसला. भिवाजी खाटेवर, सगुणाबाई दाराशी, वाल्मीक कपाटापाशी. हैबतरावांना चेअरमन म्हणून बोलावलं होतं. ते खुर्चीत पाय पसरून बसले. रफीक बापाच्या मागं उभा होता. का आणलंय ते त्याला अजून ठाऊक नव्हतं.

मौलानं बाकावर शॉकप ठेवला आणि शेजारी त्याच्या पिना.

"हैबतराव, सोमवारी तुमी रस्त्यावरनंच वळखलं, का हे मुंबईचे शॉकप न्हाईत. मला जवळ जाऊन अंगठ्यानं चिखल काढावा लागला. तुमची नजर लईच तेज."

"अंदाज केला," हैबतराव म्हणाले. "तेवढ्यावर मला धरणार?"

"न्हाई. माजं पितळ आसलेला तुमचा शॉकप ह्या गाडीत निघाला. तुमी म्हनला भंगारातनं भिवाजीनं उचलला. बरं. मग भिवाजीनंच बसवला म्हना. तर ह्या पिना बघा." त्यानं एक पिन उचलली. "अशी पिन मी वळवतो. आन् माजा पोरगा वळवतो. तिसरं कुनी न्हाई."

हैबतराव खदाखदा हसले. "अरं म्हाताऱ्या, कळतंय का काय बोलतोस? स्वतःच्या पोराला फासावर देतोस!"

"अब्बा," रफीकचा आवाज चिरकला, "मी पुण्याला होतो."

मौला पहिल्यांदा मागं वळला. "मग वरच्या सड्यावर सांबरावर बिस्मिल्ला कुनी म्हनलं? हैबतरावांनी?"

हवालदाराला रफीकनं खोटं सांगितलं असतं. बापालाही सांगितलंच होतं. पण आईला जेवणाच्या बाबतीत खोटं सांगायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तो खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घातलं.

"दोन-तीन दिवसांपुरते म्हनले," तो बोलायला लागला. "मुंबईचे पाहुणे हायेत, सड्यावर न्यायचंय, जुन्या शॉकपवर जीप चढंना. सोमवारी दुपारी परत लावायचे ठरलं होतं. जुन्याला रंग मार म्हनले, वरनं कळू नये. मी बदलले. गाडी सकाळीच वर जाईल, हे..."

"पैसं किती दिलं?" नथूनं विचारलं.

"पैसं न्हाई." रफीकनं वर पाहिलं नाही. "मला पुढच्या सीटवर बसवलं. बंदूकवाल्या सायबांच्या शेजारी. हैबतराव म्हनले, हा आमचा इंजिनियर."

सगुणाबाई पचकन अंगणात थुंकली.

"एवढ्यासाठी?" भिवाजी खाटेवरनं म्हणाला. शिवी दिली नाही, ओरडला नाही. नुसतं तेवढंच.

हैबतराव उठले. "गाडी दवाखान्याची, दवाखान्याचा चेअरमन मी. दोन दिवस वापरले तर काय आभाळ पडलं? नशीब त्या बाईचं! शॉकप काय, बसणाऱ्याच्या ढुंगणाला गादी..."

"गादी न्हाई ती!" मौला असा ओरडला की वाल्मीकच्या हातातली बाटली पडली. "तीस वर्षं मी तुमच्यासारख्यांना सांगून थकलो. गादी स्प्रिंग देती. चाक खड्ड्यात गेलं का स्प्रिंग उडी मारती. शॉकप त्या स्प्रिंगीचा कान धरून खाली बसवतो. चाक जमिनीवर ऱ्हायलं तर स्टिअरिंग ऐकतं, ब्रेक ऐकतो. चाक हवेत, तर ड्रायव्हर कितीबी शाणा आसू दे, नुसतं चाक धरून बसल्यालं बुजगावनं. वाट न्हाई तिथं जानारा शॉकपकडं काय मागतो? सुख न्हाई मागत. चाक खाली ठेव, एवढंच मागतो. तुमी सांबरं बघायला जात व्हता. भिवाजी दोन जीव घेऊन जात व्हता. वाट त्येला बी न्हवती!"

हैबतराव दाराकडं निघाले. दारात सगुणाबाई उभी होती. ती सरकली नाही.

"नथू," ती म्हणाली, "लिही. आन् आंगठा ह्यांचा घे."

नथूनं एकदा हैबतरावांच्या टोपीकडं बघितलं, एकदा भिवाजीच्या काळ्या तळव्याकडं. मग पेन्सिलीला थुंकी लावली. "बसा चेअरमन," तो म्हणाला. "रफीक, तू बी बस."

रफीक बापाकडं बघत होता. मौला त्याच्यापाशी गेला. एवढा वेळ आतनं जळत होता तो, पण आता त्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "तुज्या हाताला मी कसब दिलं," तो म्हणाला. "तेवढ्यावर भागंल वाटलं. माजी बी चूकच हाय ती. जे केलंस ते समदं सांग. एक सुदिक इसरू नकोस."

६

पौष संपता संपता जीप पुन्हा उभी राहिली. विलायती शॉकप मौलानं स्वतःच्या हातानं बसवले. पिन घातली, सवयीनं एक पाय बोल्टावरनं वळवायला घेतला, आणि थांबला. पक्कडीनं पिन पुन्हा सरळ केली. दोन्ही पाय दोन बाजूंना फाकवले, जगातला कुठलाही मिस्त्री फाकवतो तसे. बोटं फाटतील, फाटू दे. ते वळण आता कुणाच्या गाडीला घालायची त्याला इच्छा नव्हती.

पहिल्या फेरीला भिवाजी चाकावर बसला, काठी बाजूला ठेवून. मौला शेजारी. मागं सगुणाबाई, मांडीवर भरलेला तांब्या. वरच्या वाडीला जयाला बघून यायचं होतं, तिला ताप येत होता म्हणून.

म्हसोबाच्या खिंडीत गाडी थांबली. भिवाजीला वाकता येईना, तर मौला उतरला. गुडघे कडकड वाजले. चाकाआड हात घालून त्यानं तळवा शॉकपवर टेकवला.

"चाचा, तापलाय का?" भिवाजीनं वरनं विचारलं.

मौलानं हात तिथंच दाबून धरला.

"चाचा, भाजंल हात!"

"भाजू दे," मौला म्हणाला. "चल. तांब्या बघ मागं, सांडलाय का."